विश्लेषण : जुन्या मोटारीचे वायरिंग कधी दुरुस्त करावे, कधी बदलावे?

दसरा जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या गाड्या शेडमधून बाहेर निघतात. दसरा चौकातील सोहळ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा ती पाहायला गर्दी होते. वारणा खोऱ्यातही जुन्या गाड्यांचे आकर्षण कमी नाही. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याभोवती वारणानगर वाढले. सहकाराच्या त्या काळात जीप आणि अँबॅसेडर ही पश्चिम महाराष्ट्रातील बागायतदारांची आणि पुढाऱ्यांची ओळख होती. आजोबांची जीप किंवा वडिलांची फियाट घरात जपून ठेवली जाते. इंजिन उघडले जाते, पत्र्याचे काम होते, नवा रंगही चढतो. डॅशबोर्डमागचे वायरिंग मात्र बहुतेक वेळा तसेच राहते. उभ्या गाडीला आग लागण्याचे ते एक मोठे कारण ठरू शकते.

वायरिंग खराब का होते?

१९५०च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांत तांब्याच्या तारेवर रबर आणि त्यावर सुती वेष्टन असे. इतक्या वर्षांत हे रबर वाळून तडकते आणि हात लावताच गळून पडते. नंतर पीव्हीसीच्या वायर आल्या. त्याही इंजिनाच्या उष्णतेने कडक होतात आणि वाकवल्या की फुटतात. दमट हवेत तांबे हिरवट पडते. जोड, लग आणि बॉडीला केलेल्या अर्थिंगवर गंज चढतो. नदीकाठ, चार महिन्यांचा पाऊस आणि शेडशेजारी उसाचे रान असेल तर उंदरांचा उपद्रव वेगळाच. वरून वायर चांगली दिसत असली तरी आत अर्ध्याच तारा शाबूत असतात.

मंद हेडलाइटवर मोठा बल्ब हा उपाय आहे का?

नाही. उलट बहुतेक वेळा धोका येथूनच सुरू होतो. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर रात्री दिवे मंद वाटतात, म्हणून जास्त वॉटचे बल्ब बसवले जातात. खरे तर दोष बल्बचा नसतो. गंजलेले जोड आणि सैल अर्थ यांमुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर साध्या बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो.

हिशेब सोपा आहे. जुन्या पद्धतीचे ४५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर करंट घेतात. ६० वॉटचे दोन हॅलोजन १० अँपिअर घेतात. १०० वॉटचे दोन बल्ब बसवले तर करंट सुमारे १७ अँपिअरवर जातो. वायरमधील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच जुन्या वायरमध्ये सुमारे पाचपट उष्णता निर्माण होते. हा सारा करंट डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून जातो. त्यात मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम आणि फॉग लाइटची भर पडली की कडक झालेले वेष्टन वितळू लागते.

फ्यूज असताना आग कशी लागते?

फ्यूज बल्बला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की वायर तापण्याआधी फ्यूज वितळावा, ही मूळ कल्पना. जुन्या ब्रिटिश घाटाच्या अनेक गाड्यांत साऱ्या गाडीला दोनच फ्यूज असत. हेडलाइट आणि इग्निशनच्या वायर अनेकदा फ्यूजशिवायच असत. त्या वायरचे वेष्टन बॉडीला घासून फाटले तर बॅटरीचा पूर्ण करंट तिच्यातून वाहतो आणि त्याला अडवणारे काहीच नसते. सारखा फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळण्याची जुनी सवय तर आगीला आमंत्रणच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो बिघाडाचा इशारा समजावा.

बिघाड कसा शोधावा?

वायर तोडण्याआधी मोजमाप करावे. त्यासाठी साधा मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

त्यानंतर अर्थ तपासावा, कारण जुन्या गाडीतील निम्मी कोडी येथेच सुटतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा एक दिवा लावला की दुसरा मंद होतो, अशी विचित्र लक्षणे बहुधा खराब अर्थची असतात. हेडलाइट चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे दिव्याच्या अर्थला लावावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तो जोड सोडून, पत्रा घासून, पुन्हा घट्ट बसवावा. नवा रंग दिलेल्या गाडीत हा दोष हमखास आढळतो, कारण रंगाच्या थरावर अर्थ बसत नाही. हीच तपासणी बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलपासून बल्बपर्यंत केली की सैल जोड आणि जळका स्विच सापडतो.

बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर अर्थची केबल सोडून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. सर्व स्विच बंद असताना लॅम्प उजळला तर कुठेतरी करंट गळतो आहे. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल त्या सर्किटमध्ये दोष असतो. मीटर अशा रीतीने जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

आणखी एक खबरदारी. १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सवयीने निगेटिव्ह टोक बॉडीला जोडले तर नुकसान होऊ शकते. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात. तेवढ्याच वॉटसाठी त्यांना दुप्पट करंट लागतो, म्हणून त्यांच्या वायर मूळचीच जाड असते. तेथे पातळ वायर घालणे धोक्याचे.

दुरुस्ती कधी पुरेशी, पूर्ण बदल कधी?

वेष्टन लवचीक असेल, तांबे चकचकीत असेल आणि दोष एखाद्या जोडात किंवा स्विचमध्ये असेल तर तेवढीच दुरुस्ती करावी. मात्र वायर वाकवल्यावर वेष्टनाला तडे गेले, कापलेल्या टोकाशी तांबे काळे किंवा हिरवे निघाले, कुठे वितळल्याच्या खुणा दिसल्या किंवा जागोजागी टेप गुंडाळलेले जोड आढळले, तर तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी संपूर्ण हार्नेस बदलावा.

नवे वायरिंग कसे टाकावे?

प्रथम बॅटरी सोडावी. प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावावी. जुना हार्नेस न कापता अखंड बाहेर काढून प्लायवूडवर पसरावा आणि त्याच मापाने नवा बांधावा. मूळचेच रंग ठेवावेत. लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारी आणि काळी अर्थची असते. सगळीकडे एकाच रंगाची वायर टाकली तर दहा वर्षांनी बिघाड शोधणारा वायरमन हात टेकतो.

वायर तांब्याची, अनेक पदरी आणि वाहनासाठीच बनवलेली घ्यावी. घरगुती वायरचे पीव्हीसी साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, इंजिनाजवळ ते पुरत नाही. लहान दिव्यांना १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला दीड ते अडीच आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरला ४ ते ६ चौरस मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब असतो. अंतर आणि करंट वाढला की जाडी वाढवावी. सेल्फची केबल याहून बरीच जाड लागते.

हेडलाइट आणि हॉर्नला रिले लावावा. मग मोठा करंट थेट बॅटरीकडून जातो आणि जुन्या स्विचवरचा ताण संपतो. प्रत्येक सर्किटला वायरच्या जाडीनुसार फ्यूज द्यावा आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवावा. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रॉमेट हवाच. वायर सायलेन्सरच्या पाइपपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर बांधावी.

नोंदणीवर परिणाम होतो का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना त्यानुसार 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते, फेरनोंदणीला ५ हजार रुपये लागतात. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा, अशी अट आहे. जुन्याच मांडणीत आणि जुन्याच रंगांत टाकलेले नवे वायरिंग या बदलांमध्ये मोडत नाही. रिले आणि जादा फ्यूज डॅशबोर्डखाली झाकून बसवले तर मूळ रूपही टिकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी ती नेता येते.

म्हणजे अशी गाडी बहुतांश काळ शेडमध्ये, अनेकदा घराला लागूनच उभी असणार. त्यामुळे बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवून गाडी ठेवताना तो बंद करावा आणि शेडमध्ये अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा. यंदा दसऱ्याला गाडी धुण्याआधी बॅटरी सोडावी आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावी. पहिल्यांदा दिवे लावल्यावर पाच मिनिटांनी डॅशबोर्डखालच्या वायरना हात लावून पाहावा. वायर गरम लागली तर दिवे बंद करून गाडी आधी वायरमनकडे न्यावी.