आयोवाची तालीम – भाग ७ : दुसऱ्या फळीचे पैलवान

गेल्या भागाच्या शेवटी प्रशिक्षक डॅन गेबलच्या आयोवा कॉलेजचा कुस्तीतला १९८७ चा पराभव कबूल केला होता. सलग नऊ विजेतेपदं, दहाव्यासाठी सिंगलेटवर आधीच मिरवलेला रोमन दहा आणि मग आयोवा स्टेटने उतरवलेला तोरा. ते प्रकरण आणखी एक आठवडा थांबेल. मध्येच सांगलीच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांचं पत्र आलं आणि त्यांनी नेमका मुद्दा धरला. ते लिहितात, ‘तुमचा गेबल दरवर्षी नवे चॅम्पियन आणतो कुठून? आमच्या कॉलेजात एखादा चांगला पैलवान आला की तीन वर्षं ढाल येते. तो पदवी घेऊन गेला की ढालही गेली.’

डॅन गेबलच्या घामाच्या गोष्टी या लेखमालेत भरपूर झाल्या. त्या ऐकायला बऱ्या वाटतात, पण घाम ओक्लाहोमा स्टेटचे पैलवानही गाळत होते, आयोवा स्टेटचेही. २१ हंगामांत १५ राष्ट्रीय विजेतेपदं, ३५५ सामने जिंकलेले, २१ हरलेले, ५ बरोबरीत, हा हिशेब निव्वळ घामाने जमत नाही. त्याचं खरं उत्तर ज्यांची नावं छापून येत नाहीत त्या पैलवानांत आहे.

आधी हिशेबाची रीत पाहू. अमेरिकन कॉलेज कुस्तीत दहा वजनगट. गेबलच्या काळात ते ११८ पौंडांपासून सुरू होऊन हेवीवेटला संपत. प्रत्येक गटात कॉलेजचा एकच पैलवान उतरतो. राष्ट्रीय स्पर्धेत पहिला नंबर आला तर गुण मिळतातच, पण चौथा-पाचवा आला तरी मिळतात, चितपट केली तर वर आणखी. पहिल्या दिवशी हरलेला गडी हरलेल्यांच्या फेरीतून वर येत राहिला तर तोही कॉलेजच्या खात्यात किरकोळ गुण जमा करत राहतो. ढाल मिळते ती या सगळ्या बेरजेवर.

ही बेरीज काय करू शकते ते १९७८ साली दिसलं. त्याआधीच्या वर्षी, मुख्य प्रशिक्षक म्हणून गेबलच्या पहिल्याच हंगामात, राष्ट्रीय विजेतेपद नेलं होतं आयोवा स्टेटने, म्हणजे हॅरॉल्ड निकल्सने. गेबल याच निकल्सच्या हाताखाली घडला होता. वस्तादाने चेल्याला पहिल्या वर्षी पाणी पाजलं. १९७८ ला पुन्हा तीच दोन कॉलेजं समोरासमोर आली. आयोवा ९४.५, आयोवा स्टेट ९४. अर्ध्या गुणाने चेला जिंकला. त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. त्या स्पर्धेत दहा गटांत दहा विजेते झाले आणि त्यांत आयोवाचा एकही नव्हता! अंतिम कुस्ती जिंकणारा एकही पैलवान नसताना त्यांनी देश जिंकला. पहिल्याखालच्या नंबरांची ती मोळी होती. पुढची नऊ वर्षांची मालिका या अर्ध्या गुणावर उभी राहिली.

सांगलीच्या गुरुजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं सरावाच्या खोलीत.

पैलवान घडवतो तो त्याचा रोजचा जोडीदार. कोल्हापुरात मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे नवं पोर थोराड गड्यांच्या हाताखाली रगडलं जातं, आणि वस्तादाचं अर्धं कसब कुणाची जोड कुणाशी लावायची यातच असतं. अमेरिकन कॉलेजची अडचण वेगळी. पैलवानाला लढायला चार हंगाम मिळतात, फार तर एक वर्ष न लढता नुसता सराव करून तो पाच वर्षं राहतो. त्यालाच ते ‘रेडशर्ट’ वर्ष म्हणतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अंगात कुस्ती मुरायला लागते आणि नेमका तेव्हाच तो पदवी घेऊन नोकरीला लागतो.

या अडचणीवर आयोवाने उपाय काढला. त्याचं श्रेय एकट्या गेबलला देणं मात्र अन्याय होईल. गॅरी कर्डलमायर हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. १९५८ चा राष्ट्रीय विजेता, १९७२ पासून आयोवाचा मुख्य प्रशिक्षक. म्युनिक ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकून आलेल्या गेबलला त्याने थेट शत्रूच्या गोटातून उचलून सहायक केलं. म्युनिकमध्ये एकही गुण न गमावलेला तो पैलवान रोज दुपारी आयोवाच्या पोरांशी मॅटवर झोंबू लागला. १९७५ आणि १९७६ ला कर्डलमायरने कॉलेजला पहिली दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि लगेच खुर्ची गेबलला देऊन तो बाजूला झाला. विजेता असताना बाजूला होणारा प्रशिक्षक शोधून सापडायचा नाही.

मग हॉकाय रेसलिंग क्लबची भूमिका वाढत गेली. पदवी झालेले, पण ऑलिंपिकची आस धरून बसलेले पैलवान या क्लबच्या नावाने आयोवा सिटीतच राहत आणि कॉलेजच्याच मॅटवर सराव करत. अठरा वर्षांचं पोर खेड्यातल्या शाळेतून यायचं आणि पहिल्याच आठवड्यात त्याची गाठ पडायची पंचविशीतल्या जागतिक दर्जाच्या गड्याशी. असं पोर शनिवारी दुसऱ्या कॉलेजच्या पैलवानासमोर उभं राहिलं की समोरचा त्याला हलका वाटायचा.

एड आणि लू बानाक हे जुळे भाऊ याच खोलीतले. एड १७७ पौंडांत दोनदा आणि नंतर १९० मध्ये राष्ट्रीय विजेता, लू हेवीवेटला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोघांनीही सुवर्ण घेतलं, रँडी लुईसने तिसरं, बॅरी डेव्हिसने रौप्य. चौघेही आयोवाचे, आणि अमेरिकन संघाचा प्रशिक्षक गेबलच. (सोव्हिएत संघ त्या वर्षी आला नव्हता, हे विसरून चालणार नाही. पण सात सुवर्णपदकं कुणी वाटूनही दिली नव्हती.) पुढे टॉम आणि टेरी ब्रँड्स ही दुसरी जुळी जोडी आली. जुळ्या भावांचा फायदा उघड आहे, जोड घरूनच येते.

आता दुसरी फळी. कॉलेजला कुस्तीसाठी देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर तेव्हा मर्यादा होती. गेबलच्या अखेरच्या वर्षांत ती ९.९ वर आली होती. वजनगट दहा, शिष्यवृत्त्या दहाही नाहीत, आणि खोलीत पैलवान तिसाच्या वर! प्रशिक्षक एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून वाटायचा आणि कित्येक पोरं पदरचे पैसे भरून राहायची. ती रोज मार खायची आणि हंगामाच्या सुरुवातीला आपल्याच गटातल्या पहिल्या नंबराशी निवड-कुस्ती खेळायची. बहुतेक वेळा हरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याचसमोर उभी राहायची. पहिल्या नंबराला ठाऊक असायचं की आपण आठवडाभर ढिले पडलो तर जागा गेली. पहिला पदवी घेऊन गेला की दुसरा चार पावलं मागे नसायचाच. गुरुजी, ढाल टिकते ती अशी.

आपल्याकडच्या कॉलेजांनी काहीच केलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मॅटची कुस्ती त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने शिकवली. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं. एका प्राचार्याने घर गहाण टाकलं की एक पदक येतं. दुसऱ्यासाठी दुसरं घर शोधावं लागतं. आयोवात दर वर्षाची तरतूद होती, मॅट होती, पगारी सहायक होते, आणि १९८३ मध्ये कार्व्हर-हॉकाय अरीना उघडला तेव्हा उद्घाटनाचा पहिला सामना बास्केटबॉलला नव्हे, कुस्तीला मिळाला.  

गेबल १९९७ ला थांबला. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो शेवटच्या स्पर्धेत कुबड्या घेऊन मॅटच्या कडेला होता, आणि पोरांनी पाच गट जिंकून १७० गुणांचा विक्रम केला. त्याच्या जागी आलेल्या जिम झालेस्कीने पुढची तीन वर्षं ढाल आयोवातच ठेवली. दरम्यान या खोलीतली माणसं बाहेर पसरली होती. बॅरी डेव्हिस विस्कॉन्सिनला, मार्क जॉन्सन इलिनॉयला, आणि गेबलचा अनेक वर्षांचा सहायक जे. रॉबिन्सन मिनेसोटाला. २००१ ची राष्ट्रीय स्पर्धा आयोवा सिटीतच भरली. रॉबिन्सनने मिनेसोटाचे दहा पैलवान आणले. एकही अंतिम फेरीत पोचला नाही, पण दहाच्या दहा जण पहिल्या आठात आले, आणि आयोवाची सहा वर्षांची मालिका आयोवाच्याच अरीनात मोडून मिनेसोटाने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद नेलं.