‘कोर्स’ मासा कुणी ठरवला? वँडल नदीतला चब

लंडनला आल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं की ‘कोर्स फिशिंग’ म्हणजे मासेमारीचा एखादा कोर्स असणार, फी भरून करायचा. हसू नका, उच्चार एकच आहे! इथल्या ‘कोर्स’चा अर्थ मात्र जाडाभरडा, हलका. गोड्या पाण्यातले सॅमन, ट्राउट आणि त्यांचे भाईबंद वगळले की उरतात ते सगळे ‘कोर्स’ मासे: रोच, ब्रीम, बार्बेल, पाइक. आणि आपला आजचा नायक, चब.

चब म्हणजे कार्पच्या गोतावळ्यातला, आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा चुलतभाऊ. अंगावर पितळी झाक, मोठाले काळसर कडांचे खवले, जाड डोकं आणि पांढऱ्या ओठांचं भलंमोठं तोंड. खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नाही. गोगलगाय, गांडूळ, पाण्यात पडलेली एल्डरबेरी, लहान मासे, पाव, चीज, सगळं चालतं. त्याचे दात तोंडात नाहीत, घशात आहेत, आणि ते अमेरिकेतून आलेल्या सिग्नल क्रेफिशचं कवचही फोडतात. म्हणून गळ काढताना बोट घशापर्यंत घालायचं नाही.

मी हे सगळं शिकले वँडलवर. क्रॉयडन आणि कारशाल्टनच्या झऱ्यांतून निघून वँड्सवर्थला थेम्सला मिळणारी ही जेमतेम १४ किलोमीटरची नदी, आमच्या घराजवळ कॉलियर्स वूडला तर सुपरमार्केटशेजारून जाते. एकेकाळी ती ट्राउटसाठी नावाजलेली होती. मग तिच्यावर गिरण्या आल्या, कापडछपाई आली. विल्यम मॉरिसने १८८१ साली मर्टन अ‍ॅबीला कारखाना हलवला, तो याच पाण्यात निळीने रंगवलेलं कापड धुवायला. पुढे ट्राउट संपले आणि १९६० च्या दशकात तर नदीला सरकारदरबारी चक्क उघडं गटार ठरवलं गेलं. पाणी सुधारलं, मासे परत आले, तर २००७ साली सांडपाणी केंद्रातून जंतुनाशक रसायन सुटलं आणि हजारो मासे मेले. आज तिथे पुन्हा चब आहेत, चांगले दोन-अडीच किलोचेही. माझ्या मते लंडनमधली ही सगळ्यात कमी मिरवली गेलेली चांगली बातमी आहे.

आता पकडायचा कसा? कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरवायला जाणं म्हणजे बहुतेक वेळा एका जागी बसून राहणं. चबला ते चालत नाही. तो उथळ, नितळ पाण्यात राहतो आणि भयंकर संशयी असतो. काठावर जोरात पाय आपटला तरी त्याचा थरथराट त्याला अंगावरच्या संवेदनरेषेतून कळतो. तुमची सावली पाण्यावर पडली की संपलंच. पहिले तीन रविवार मी रिकाम्या हाताने परत आले, कारण मी अगदी कडेला, ऐटीत उभी राहायचे.

म्हणून आधी रॉड न घेता फिरायचं. चब कुठे असेल? जिथे डोक्यावर छप्पर आहे तिथे. पाण्यावर वाकलेला विलो, फांद्यांत अडकून साचलेला पालापाचोळा, आतून पोखरलेला काठ, पुलाखालची सावली. अशा चार-पाच जागा हेरून प्रत्येक ठिकाणी थोडा कुस्करलेला पाव सोडायचा आणि पुढे जायचं. अर्ध्या तासाने पहिल्या जागी परत, वाकून, गवताआडून. सामान अगदी थोडं: साधारण अडीच किलो ताण सोसणारी लाइन, एक मोठासा बिनकाट्याचा गळ, वर दोन वजनाच्या गोळ्या (शिशाच्या नाहीत; हंस त्या गिळून मरायचे म्हणून १९८७ पासून लहान वजनांत शिसं बंद आहे). गळाला ताज्या पावाचा मऊ भाग चिमटीने दाबून लावायचा, कडा मोकळ्या ठेवायच्या म्हणजे पाण्यात फुलतो. मी एकदा हिंग घातलेली कणीक नेली होती. चबला आवडली की नाही कोण जाणे, बसमधल्या लोकांना नाही आवडली.

लाइन बोटावर धरून बसायचं. आधी एक बारीक टकटक येते, तेव्हा काही करायचं नाही. मग खसकन ओढ लागते. त्या क्षणी रॉड उचलून घट्ट धरायचा, कारण चबची पहिली धाव थेट मुळांकडे असते आणि तो तिथे पोचला तर लाइन तुटणारच. एका जागी एक मासा मिळाला की बाकीचे सावध होतात, तेव्हा पुढची जागा गाठायची. हिवाळ्यात बाकीचे मासे सुस्तावले तरी चब खातो. दिवसाचा शेवटचा तास सगळ्यात चांगला.

नियम थोडक्यात. इंग्लंडमध्ये १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. १६ पर्यंत ते फुकट, पण काढावंच लागतं. शिवाय भरती-ओहोटी न पोचणाऱ्या नदीत मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाचा, म्हणून बागेतली पाटी आधी वाचा. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते. ही बंदी १८७८ च्या कायद्यातून आली, आणि तो आणला शेफील्डच्या मंडेला नावाच्या खासदाराने. शेफील्डचे कामगार सुट्टीला गळ घेऊन निघायचे ते याच ‘हलक्या’ माशांसाठी. ट्राउटचं पाणी बहुतेक जमीनदारांचं होतं.

इथेच मला गंमत वाटते. हेच इंग्रज भारतात आले आणि महाशीरच्या मागे वेडे झाले. एच. एस. थॉमस या मद्रासच्या अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात महाशीरला सॅमनच्या बरोबरीने बसवलं. महाशीरही कार्पच्याच गोतावळ्यातला! तिकडे साहेबाचा मासा, इकडे कामगाराचा.

वीस सेंटिमीटरपेक्षा मोठा चब नदीतून घरी नेता येत नाही. हे ऐकल्यावर आई फोनवर म्हणाली, “सोडूनच द्यायचा तर पकडतेस कशाला?” मी तिला महाडजवळच्या वाळणकोंडीची आठवण दिली. तिथे काळ नदीच्या डोहात वरदायिनीचे मासे कुणी मारत नाही. “त्यांना कुणी गळही लावत नाही,” ती म्हणाली. बरोबर आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत त्रासदायक द्रव्य टोचलं, तेव्हा मासे ओठ खड्यांवर घासू लागले होते. वेदनेवरचा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे, पण “त्यांना काही कळत नाही” असं मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी जाते, पण कमी वेळा. आणि दोन मासे झाले की थांबते.

गेल्या नोव्हेंबरात कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी जाळ्यात डोकावून विचारलं, “घरी नेणार का?” आवाजात संशय होता, आणि तो का होता हे मला ठाऊक आहे. मी काही बोलले नाही. हात ओले केले, चबला पाण्याखाली प्रवाहाकडे तोंड करून धरलं. अर्धा मिनिट तो नुसते कल्ले हलवत राहिला. मग शेपटीचा एक फटकारा, माझ्या चष्म्यावर पाणी, आणि ते गृहस्थ म्हणाले, “चांगला होता हो. तीन पौंडांचा तरी असेल.”