वाळूत रुतलेली जीप आणि सुटं होणारं फावडं

जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत एक जीप पोटापर्यंत रुतलेली दिसली. माणसं जेवणाच्या ताटल्यांनी वाळू उपसत होती!

वाळवंटात जाताना गाडीत फावडं हवंच. माझं इथे जयपूरला, झोटवाड्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डरकडून करून घेतलं. भंगारातलं फावड्याचं पातं, त्याला वेल्ड केलेला जीआय पाइपचा आखूड तुकडा आणि त्यात सरकणारा बारीक पाइप, हाच दांडा. दोन्ही पाइप जोडणाऱ्या बोल्टला विंग नट लावलंय, त्यामुळे पाना लागत नाही. धारेवर जुन्या ट्यूबची पट्टी चढवली की सीटखाली निर्धास्त ठेवता येतं.

रुतल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, गाडी आणखी खाली जाते. आधी पोटाखालची, मग चाकांपुढची वाळू ओढा. टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र लगेच भरा.

मापं हवी असतील तर विचारा.