बिलातला आगंतुक पाहुणा

लग्नघरात आगंतुक पाहुणा आला तर आपण त्याला हाकलत नाही. पाट मांडतो, पान वाढतो. पण हाच पाहुणा बिलात येऊन बसला तर? मैत्रिणींनो, आमच्या घरी तो असा बसला होता, आणि त्याला उठवलं कुणी, तर खुद्द नवरीनं.

गोष्ट 2023 सालची. धाकट्या दिरांच्या मुलीची सुपारी फुटली आणि मे महिन्यातली तारीख निघाली. आमचं महाळुंगे म्हणजे खेड तालुक्यातलं, चाकणजवळचं. तळेगाव-चाकण रस्त्याच्या अंगाला जिथे बाजरी डोलायची तिथे आता एमआयडीसीच्या शेड उभ्या आहेत. गाव बदललं तशी लग्नंही बदलली. पूर्वी दारापुढे चार मेढी रोवल्या की मांडव झाला. आता स्टेज, फुलांची कमान, लाइटिंग, एलईडी पडदा, आणि पानं हजाराच्या पुढे.

भावोजी कंपनीत कामगार. लग्नासाठी त्यांनी पीएफमधून पैसे उचलले होते, त्यामुळे एकेक रुपया मोजलेला. जाऊबाईंचं माहेर बेळगावचं. त्यांचे भाऊ म्हणाले, "आमच्याकडचा डेकोरेशनवाला बघा. काम एक नंबर, आणि पुण्यापेक्षा स्वस्त." मुलीच्या मामांचा शब्द, तो कोण मोडणार? काम ठरलं.

आठ दिवसांत कोटेशन आलं. ओटीवर चहा घेत सगळे बसलो होतो. भावोजींनी मोठ्यानं वाचलं. मंडप आणि डेकोरेशन 3,00,000. आयजीएसटी 18 टक्के 54,000. सीजीएसटी 9 टक्के 27,000. एसजीएसटी 9 टक्के 27,000. एकूण 4,08,000.

"एवढा टॅक्स?" मी विचारलं.

मामा फोनवर म्हणाले, "तो कर्नाटकातून महाराष्ट्रात येणार ना. दोन्ही राज्यांचा लागतो, असं त्याचा माणूस म्हणतो."

आम्हाला ते पटलंही. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी बिलावर दोन-दोन कर पाहिल्याचं मला आठवत होतं. 1997 पासून मंडपवाल्यांना सेवाकर लागू झाला होता, आणि 2005 पासून महाराष्ट्रात मालावर व्हॅट. म्हटलं, तसंच काहीतरी असेल. भावोजी तर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, शुभकार्यात घासाघीस नको."

तेवढ्यात आतून नवरी बाहेर आली. बी.कॉम. झालेली, एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहायची. कागद हातात घेऊन म्हणाली, "काकू, हे चुकलंय."

"अगं, तू नवरी. तू नको यात तोंड घालूस," जाऊबाई दटावायला लागल्या. भावाचा मान राखायचा होता ना त्यांना! पण पोरगी हटली नाही. मलाही वाटलं, पैसे हिच्या बापाचे आणि लग्न हिचं, मग बोलायचं तरी कुणी? मी म्हटलं, "बोलू दे तिला."

तिनं जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की आपल्याला हे आधी कुणी का सांगितलं नाही, असं वाटलं. जीएसटी 1 जुलै 2017 पासून आला आणि व्हॅट, सेवाकर असे बरेच कर त्यात विरून गेले. आता एका कामावर कर एकदाच. काम देणाऱ्याची नोंदणी आणि ते काम जिथे झालं असं कायदा धरतो ती जागा, दोन्ही एकाच राज्यात असतील, तर 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी. दोन राज्यं असतील तर त्याऐवजी एकच आयजीएसटी, 18 टक्के. हे किंवा ते. दोन्ही मिळून कधीच नाही. आयजीएसटीतला राज्याचा वाटा शेवटी महाराष्ट्रालाच येतो, आपण तो वेगळा भरायचा नसतो.

"आणि तो कुठला आहे हे कळायचं कसं?" मी विचारलं.

तिनं कोटेशनवरच्या नंबरावर बोट ठेवलं. जीएसटी नंबर 15 अक्षरं-अंकांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक म्हणजे राज्य. 27 महाराष्ट्र, 29 कर्नाटक, 30 गोवा, 24 गुजरात. याचा 29 नं सुरू होत होता. लग्न महाळुंग्यात, म्हणून फक्त आयजीएसटी. एकूण 3,54,000. तब्बल 54,000 रुपये आम्ही मुकाट्यानं जास्तीचे देणार होतो!

आपल्यासारख्या घरगुती ग्राहकांसाठी जागेचा नियमही तिनं सांगितला. सजावट, जेवण, नवरीचा मेकअप यांचा हिशेब प्रत्यक्ष काम जिथे होतं त्या जागेवर. कार्यालय भाड्यानं घेतलं तर ते कार्यालय जिथे उभं आहे तिथला. मंडप-डेकोरेशनला 18 टक्के, पण केटररच्या जेवणाला 5 टक्के, महागड्या हॉटेलातला दर निराळा. म्हणून सरसकट "18 टक्के वर" असं कुणी म्हणालं की कशावर, हे विचारायचं.

संध्याकाळी मीच बेळगावला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या हिशेबनिसानंच घोळ घातला होता. "सॉरी वहिनी, नवीन कोटेशन पाठवतो," म्हणाला. मग आवाज खाली आणून, "नाहीतर असं करू, बिलच नको. 3 लाखांतच करतो."

खरं सांगते, मोह झाला. आणखी 54,000 वाचत होते. पण मला नणंदेच्या मुलाचं लग्न आठवलं. फोटोग्राफर असाच बिनबिलाचा घेतला होता. पैसे दिले आणि अल्बम आजतागायत आला नाही. भांडायला गेलो तर हातात काय होतं? वहीच्या पानावर लिहिलेला एक आकडा. वन्सं अजून हळहळतात. कर चुकवणं चूक ते चूकच, पण त्यात आपला पुरावाही जातो.

मी म्हटलं, "भाऊ, बिल द्या. रीतसर कर आम्ही देऊ."

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. पूर्वीच्या ग्राहक कायद्यात तक्रार समोरच्याच्या गावी, नाहीतर व्यवहार घडला तिथे करावी लागे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फीसुद्धा नाही. म्हणजे बेळगावच्या माणसाविरुद्ध पुण्यात दाद मागता येते, पण हातात कागद हवा. आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

म्हणून मैत्रिणींनो, परराज्यातला माणूस ठरवताना एवढं करा. कोटेशन लेखी घ्या आणि कर धरून आहे की वेगळा, ते लिहून घ्या. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा, घरातलं कॉलेजचं पोर दोन मिनिटांत करून देईल. ज्याच्याकडे नंबरच नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्यावर सहसा नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे मेंदीवाली ताई बिननंबराची असली तर त्यात वावगं काही नाही, फक्त तिनं टॅक्स लावायचा नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकालाही कर वेगळा लावता येत नाही. आणि ॲडव्हान्सची पावती घ्यायला विसरू नका.

लग्न छान झालं. कमान अशी सजली होती की अख्खं गाव फोटो काढत होतं. मामांचा मानही कुठे कमी झाला नाही, उलट तेच सगळ्यांना सांगत होते, "आमची भाची हिशेबाला पक्की!" वाचलेले 54,000 भावोजींनी तिच्या नावानं बँकेत ठेवले. पाठवणीच्या वेळी तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "काकू, तुम्ही बोलू दिलंत म्हणून."

शुभकार्यात घासाघीस नको, हे खरंच. पण विचारणं म्हणजे घासाघीस नव्हे, एवढं मी त्या दिवशी आमच्या नवरीकडून शिकले.