सूचना लागली, पण पोहोचली काय?

विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकले की ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्याआधी पुष्कळदा एक साधी वस्तू दृष्टीस पडते. ती म्हणजे सूचनाफलक. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत, शिष्यवृत्तीची जाहिरात, पाहुण्या विद्वानाचे व्याख्यान, वसतिगृहातील पाणी अमुक वेळी बंद राहील ही वार्ता, हरवलेल्या पुस्तकाचा शोध, असे लहानमोठे कागद तेथे शेजारी शेजारी नांदत असतात. जाणारायेणारा ओझरती नजर टाकतो आणि पुढे निघून जातो. परंतु त्यांतील एखाद्या चार ओळींच्या कागदावर कोणा विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्ष अवलंबून असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

विद्यापीठ हे एक लहानसे नगरच होय. त्यात शिकणारे आहेत, शिकविणारे आहेत, हिशेब ठेवणारे आहेत, बागेला पाणी घालणारेही आहेत. नगर म्हटले की दवंडी आलीच. आपल्याकडे गावात दवंडी पिटली जाई, तेव्हा ती पाटलाच्या वाड्यापुढे पिटून भागत नसे. गावकुसाच्या टोकापर्यंत ती फिरवावी लागे. विद्यापीठाच्या दवंडीची कसोटीही हीच आहे.

या दवंडीची रूपे मात्र निरनिराळी झाली. इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे क्राइस्ट चर्च नावाचे जुने महाविद्यालय आहे. त्याच्या मनोऱ्यातील मोठी घंटा रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोले देते. एके काळी तेथे १०१ विद्यार्थी असत. प्रत्येकामागे एक टोला, आणि त्याचा अर्थ एवढाच की दरवाजे आता बंद होणार, आत या. वरची ५ मिनिटे का, याचेही कारण आहे. ऑक्सफर्डची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा सुमारे ५ मिनिटांनी मागे असे, आणि घंटेने आपली जुनी वेळ सोडली नाही. या सूचनेस अक्षरओळखीची गरज नव्हती. ती प्रत्येकाच्या कानी पडत असे.

विद्यापीठे वाढली आणि घंटा अपुरी पडू लागली. १८७० साली ऑक्सफर्डने ‘गॅझेट’ व केंब्रिजने ‘रिपोर्टर’ अशी आपापली अधिकृत पत्रे सुरू केली. व्याख्याने, परीक्षा, रिकाम्या जागा, नियमांतील बदल हे सर्व त्यांत छापले जाऊ लागले. केंब्रिजची एक पद्धत तर विचार करण्याजोगी आहे. तेथे एखादा ठराव ‘रिपोर्टर’मध्ये प्रसिद्ध होतो. ठरलेल्या दिवसापर्यंत पुरेशा सभासदांनी मतदानाची मागणी केली नाही, तर तो संमत झाला असे मानतात. म्हणजे ज्याने सूचना वाचली नाही, त्याचे मौनही संमतीत जमा होते.

त्याच केंब्रिजच्या सेनेट हाऊसमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा होती. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले, आणि सीनियर रँग्लर ठरलेले पहिले हिंदी विद्यार्थी म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक झाले. एका सभागृहातील घोषणा सातासमुद्रापलीकडच्या समाजाचा अभिमान होऊ शकते, ती अशी.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहू. वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. १८८१ चे बडोदा कॉलेज आणि १८९० चे कलाभवन या जुन्या संस्था त्यात सामावल्या गेल्या. त्यामुळे हे विद्यापीठ एकाच कुंपणात बसलेले नाही. त्याच्या विद्याशाखा शहराच्या निरनिराळ्या भागांत पसरल्या आहेत आणि मधून रस्ते वाहतात. एका इमारतीत लावलेला कागद दुसरीकडच्या विद्यार्थ्यास कसा दिसावा? शिवाय शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, बाजारात गुजराती, आणि कित्येक घरांत मराठी. अशा ठिकाणी सूचना लिहिणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

मग चांगली सूचना कोणती? जिच्यावर काढल्याची तारीख आणि अधिकाऱ्याची सही आहे. जी कोणासाठी आहे हे पहिल्याच ओळीत कळते. जिच्यात शेवटचा दिवस व वेळ स्पष्ट आहे. आणि शंका आल्यास कोणाकडे जावे हे जी सांगते, ती. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ एवढ्यावर थांबणारी सूचना लिहिणाऱ्याची सुटका करते. वाचणाऱ्याच्या पदरात ती काहीच टाकत नाही. खेड्यातून प्रथमच शहरात आलेल्या मुलाला आपण ‘संबंधित’ आहोत, हेच पुष्कळदा उमगत नाही.

कायद्यानेही ही बाजू ओळखली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक संस्थांना न मागता माहिती प्रसिद्ध करावयास सांगते, आणि ती देताना स्थानिक भाषेचा व त्या भागातील परिणामकारक साधनाचा विचार करण्यास बजावते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार, मदतीसाठी कोणाकडे धाव घ्यावी हे सांगणारे छापील पत्रक प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास द्यावयाचे असते. भिंतीवरचा कागद तेथे पुरेसा मानलेला नाही. भेदरलेला मुलगा सर्वांसमक्ष फलकापुढे उभा राहून दूरध्वनी क्रमांक उतरून घेणार नाही, हे त्यामागील शहाणपण होय.

आज सूचना भ्रमणध्वनीवर क्षणात येते. सोय मोठी, पण धोकाही तितकाच. तारीख नसलेले जुने परिपत्रक नव्याने फिरते, कोणी खोडसाळपणे परीक्षा पुढे ढकलल्याची हूल उठवितो आणि शेकडो विद्यार्थी फसतात. म्हणून आलेला निरोप मूळ कार्यालयाच्या सूचनेशी ताडून पाहावा, आणि खात्री पटल्यावाचून तो पुढे धाडू नये.

शेवटी हे काम एकट्या कार्यालयाचे नाही. फलक वाचणाऱ्याने खोलीत आजारी पडलेल्या सोबत्यास मुदतीची आठवण करावी. शिक्षकाने तास सुरू करण्यापूर्वी दोन वाक्ये त्यासाठी खर्च करावीत. सूचना लावल्याने कार्यालयाचे काम संपते. पण विद्यापीठाचे कर्तव्य मात्र ती शेवटच्या विद्यार्थ्यास समजल्यावरच पुरे होते.