वैनगंगेच्या दोन तीरांवरचे जगणे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि ढोबळमानाने वैनगंगा ही दोहोंमधील सीमा ठरली. त्यापूर्वीचा इतिहास आणि प्रशासन एकच असल्यामुळे, दूरदूरच्या दोन देशांच्या राहणीमानाची तुलना करताना जी गुंतागुंत होते ती येथे बरीच कमी होते. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख, तर क्षेत्रफळाने त्याहून मोठ्या गडचिरोलीची १०.७३ लाख आहे. दर चौरस किलोमीटरला चंद्रपुरात १९३ माणसे राहतात, गडचिरोलीत अवघी ७४. साक्षरता चंद्रपुरात ८० टक्के, गडचिरोलीत ७४ टक्के आहे. गडचिरोलीतील दर शंभर माणसांपैकी जवळजवळ ३९ अनुसूचित जमातींची आहेत आणि शहरांत राहणारी केवळ ११.

राहणीमान मोजण्यासाठी आज सर्वत्र वापरला जाणारा मानव विकास निर्देशांक म्हणजे उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान या तीन गोष्टींना एकत्र करून काढलेला आकडा होय. १९९० साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तो प्रथम प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात गडचिरोली राज्यातील सर्व जिल्ह्यांत शेवटच्या क्रमांकावर होता. हा क्रमांक खोटा नाही, परंतु त्यामागील उत्पन्नाचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेल्या मालाचे आणि सेवांचे मूल्य असते. त्यामुळे चंद्रपूरच्या २९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्राची वीज, घुग्गुस-राजुरा परिसरातील कोळसा आणि कोरपन्याकडील सिमेंट हे सारे चंद्रपूरच्या खात्यावर जमा होते, मग त्यातील नफा कोठेही जावो. उलट गडचिरोलीतील एटापल्लीच्या घरात साठवलेला मोह, जंगलातून आणलेले सरपण, नदीतली मासळी यांचा त्या हिशेबात जेमतेम शिरकाव होतो. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तोडलेली तेंदूची पाने दुपारी सावलीत बसून सारे कुटुंब सत्तर-सत्तर पानांच्या पुडक्यांत बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, मोजून देते. वर्षातील मोठी रोख रक्कम अनेक घरांत याच थोड्या दिवसांत येते.

निर्देशांकात न बसणारी पहिली गोष्ट म्हणजे अंतर. गडचिरोलीतील भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो आणि पलीकडची गावे पाण्याने वेढलेल्या बेटांसारखी तुटून पडतात. अशा वेळी गरोदर स्त्री खाटेवर निजवून, चार खांद्यांवर तोलत, नाल्याच्या कंबरभर पाण्यातून रुग्णवाहिकेपर्यंत न्यावी लागते. प्रसूतीच्या तारखेआधीच स्त्रीला आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ ही सोय निघाली, ती याच अनुभवातून. आरोग्य केंद्राची इमारत नकाशावर असणे आणि ती जुलै महिन्यात पोहोचण्याजोगी असणे यांतील फरकावर येथे माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि कोणत्याही सरासरीने तो फरक झाकला जाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा, आणि येथे पारडे उलटे फिरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा १०० पैकी ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे ठरले. येथे गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट. खाणींच्या आसपासच्या वस्त्यांत सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारपर्यंत काळी पूड बसते. पगार, रेल्वे, महाविद्यालय, मोठे रुग्णालय हे सारे जवळ असलेल्या येथील माणसाच्या श्वासाची किंमत उत्पन्नातून वजा केली जात नाही.

जिल्ह्याची सीमा ही सुखदुःखाची सीमा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. चंद्रपूरच्याच जिवती तालुक्यात डोंगरावरील कोलाम पाड्यांचे जगणे एटापल्लीशी अधिक जुळते, तर गडचिरोलीतील रेल्वे लाभलेले देसाईगंज व्यापारी गावासारखे नांदते.

गडचिरोलीने स्वतःच्या बळावर जे घडवले, ते मात्र शेवटच्या क्रमांकामुळे दिसेनासे होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ३९ गावांतील बालमृत्यू दर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या, १२१ वरून ३० पर्यंत खाली आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.

आता एटापल्लीच्या सुरजागड टेकड्यांतून लोहखनिज निघू लागले आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाना उभा राहिला आहे. गडचिरोलीचे उत्पन्न पुढील अहवालांत वाढलेले दिसेल, तरुणांना कामही मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात, त्याच्या कडेच्या धानाच्या पातीवर बसणारी लाल धूळ कोणत्या रकान्यात लिहायची, हे मात्र अजून ठरलेले नाही.