पेशीला ‘थांब’ म्हणणारे जनुक

बोट कापले की काही दिवसांत जखम भरून येते. कडेच्या पेशींचे विभाजन होते, खाच भरते आणि विभाजन थांबते. भरणे आपल्या लक्षात येते, थांबणे येत नाही. पण पेशी थांबल्याच नाहीत तर? कर्करोगाचे मूळ तेथेच आहे.

थांबवण्याच्या या कामात ‘पी-५३’ या प्रथिनाचा वाटा मोठा आहे. त्याचे जनुक आपल्या १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. १९७९ साली हे प्रथिन सापडले, तेव्हा विजेच्या दाबाने जेलमधून सरकवून त्याचे वजन ५३ हजार डाल्टन ठरवले गेले. (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूइतके वस्तुमान.) प्रत्यक्षात ते सुमारे ४४ हजारच भरते, प्रोलीन हे अमायनो आम्ल त्यात बरेच असल्याने ते जेलमधून हळू सरकते. मोजमाप चुकले, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच!

उन्हातील अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली की पेशीत पी-५३ साठू लागते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि तेथील जनुके चालू करतात. जनुकातील मजकुराची आरएनएमध्ये नक्कल होणे म्हणजे प्रतिलेखन. म्हणून अशा प्रथिनाला प्रतिलेखन घटक म्हणतात. चालू झालेल्या जनुकांपैकी एक विभाजन रोखते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. इजा फारच मोठी असेल, तर पेशी स्वतःला संपवते.

गंमत अशी, की पहिली दहा वर्षे हे जनुक कर्करोग घडवणारे मानले जात होते. प्रयोगांत वापरलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या! ते ब्रेकचे काम करते, हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झाले.

आता एक गणित करा. जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. समजा, एक बिघडली. म्हणजे निम्मे रेणू सदोष. ते कसेही मिसळतात असे धरले, तर चारही रेणू चांगले असण्याची संभाव्यता किती? १/२ चा चौथा घात, म्हणजे १/१६. एक सदोष रेणूही चौकडीचे काम बिघडवू शकतो. तेव्हा निम्मा बिघाड झाला, तरी ब्रेक जवळजवळ निकामी! माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पेशी असतात, तरी त्याला कर्करोग क्वचितच होतो. आपल्याकडे या जनुकाची एक जोडी. हत्तीकडे सुमारे २० जोड्या असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक प्रती अपुऱ्या आहेत. त्या नेमक्या किती कामी येतात, याचा शोध चालू आहे.